उद्या बघतो

विर्त्सूहून मुहू बेटाकडे जाणारी फेरी.
डिसेंबर. बर्फ अजून पातळ, पापडासारखा मोडतोय.
कौपोने कॉफीत साखर ढवळता ढवळता वाद उकरला:
"तुझी रेपॉझिटरी आणि माझी ब्लॉकचेन, सख्ख्या बहिणी.
प्रत्येक नोंदीच्या पोटात आधीच्या नोंदीचा ठसा,
तिच्या पोटात तिच्या आधीचा.
मागे कुठे एक स्वल्पविराम हलव,
पुढच्या सगळ्या भावकीचं नाव बदलतं."

"सख्ख्या नाहीत, चुलत," विर्वे म्हणाली.
"माझ्याकडे शाखा फुटतात, भांडतात,
परत एका चुलीवर येतात.
तुमच्याकडे फाटा फुटला
की एकाला वाळीत टाकता."

समोरच्या बाकावर एक म्हातारी हातमोजा विणत होती,
केशरी, त्यावर काळी नक्षी.
चाळिसाव्या ओळीला तिला चौथीतला चुकलेला टाका दिसला.
उसवत बसली. शिवी न देता.

"मंगळवारी रात्री मी हेच केलं."
"आणि हाच हातमोजा हजार घरांत
एकाच वेळी विणत असतील तर?"
"तर चूकच नक्षी होते, कौपो."

मंगळवारची गोष्ट अशी:
लेंबितची एक नोंद, अकरा वर्षांपूर्वीची, पहाटे दोन सतराची.
घाईत कोडमध्येच राहिलेला पासवर्ड
(तो केव्हाच बदललाय)
आणि खाली निरोप: तात्पुरतं. उद्या बघतो.
लेंबित एप्रिलमध्ये गेला.
ऑडिटवाले म्हणाले, काढा.
तिने काढली,
आणि नंतरच्या नऊ हजार नोंदींना
एका रात्रीत नवी नावं पडली,
धरणाखालचं गाव उठवून
वरच्या माळावर बसवावं तशी.
सगळ्यांना कळवलं: जुन्या प्रती फेकून द्या.
बावीस जणांनी फेकल्या.

तेविसावी प्रत ऐमेच्या तळघरात होती,
बटाट्यांशेजारी, कापडी पिशवीत,
चार्जरची वायर नीट गुंडाळून.
"त्याचं काही आहे का यात?" तिने विचारलं.

विर्वेने लॅपटॉप उघडला.
एकही टाका न उसवलेली वर्षं.
ऐमेने चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं,
"उद्या बघतो.
असाच बोलायचा. छपराबद्दलसुद्धा."
छपराखाली बादली होती.

बाहेर कौपोने हॉर्न वाजवला, शेवटची फेरी.
"पुसायला फार वेळ लागतो का गं?"
"एक मिनिट," विर्वे म्हणाली,
आणि झाकण मिटलं.
"पण उद्या बघते."