चिमटी

अंगणवाडीच्या ताई आल्या, कार्ड उघडलं,
पेन झटकून विचारलं,
पालथी पडते?
पडते. खाटेवरूनही पडली एकदा, ते नाही सांगितलं.
बसते?
बसते की, पंधरा किलोच्या रिकाम्या बॉक्सात,
चारी बाजूंनी पुठ्ठा, वर छापलेली द्राक्षं,
मधे आमची ठमी.
(कार्डावर सानिका. कार्ड सोडून कुठंच नाही.)
रांगते?
रांगते, पण मागं.
समोरची वाटी धरायला म्हणून निघते
आणि लांब लांब जाते वाटीपासून,
पाठ भिंतीला टेकली की भोकाड पसरते.
ताई हसल्या. त्या रकान्यात काय भरावं
त्यांनाही कळेना, शेवटी अर्धी खूण केली.
आणि चिमटीत धरते का काही? अंगठा आणि हे बोट?
नाही अजून.
सगळा पंजा घालते, मुठीनं ओढते,
माझं मंगळसूत्र, शोभाक्कांचा चष्मा, कोंबडीची शेपटी.
होईल, म्हणाल्या. रकाना मोकळा राहिला.

त्या मोकळ्या रकान्यानं मला आठ दिवस छळलं.

मी मणेराजुरीच्या शेडात बेदाणा निवडते.
नऊ ते सहा, पत्र्याखाली,
गंधकाचा वास आता माझ्याच अंगाचा वाटतो.
पुढ्यात हिरव्या मालाचा ढीग.
काळा दिसला, उचल. काडी दिसली, उचल.
चपटा, फुटका, डागी.
अंगठा आणि हे बोट.
दिवसात किती वेळा मिटत असतील, कुणी मोजलं नाही,
मजुरी किलोवर आहे, चिमटीवर नाही.
रात्री भाकरी थापताना नखांतली साखर
पिठाला लागते,
आणि ठमी तेच बोट चोखत झोपते.

परवा मालक तासगावला सौद्याला गेलेले, शेड बंद.
दुपारी लाईट नव्हती.
मी पदर झटकला
तर आदल्या दिवशीचा एक बेदाणा
टपकन फरशीवर.
काळा. निवडून टाकलेल्यातला.

ठमीनं बघितला.
सवयीनं आधी मागं सरकली.
थांबली.
मग एक गुडघा पुढं.
मग दुसरा.
मी "अगं" म्हणाले, हळूच,
मोठ्यानं बोलले तर विसरेल असं वाटलं.
पोचली. पंजा उघडला.
करंगळी मिटली, शेजारचं मिटलं, मधलं अर्धं मिटलं,
उरली दोन.
एकदा निसटला.
दुसऱ्यांदा उचलला.

क्षणभर वाटलं, नको गं बाई, ही दोन बोटं नकोत,
पेन धर, सुई धर, काय पण धर, हे नको.
मग वाटलं, आधी धरू तर दे.
तेवढ्यात तिनं तो तोंडात टाकला.

मी झडप घातली,
गाल दाबले, बोट आत, जिभेखाली, हिरडीवरून,
आणि कच्चकन चावली.
खालचे दोन मला माहीत होते.
हा वरचा कधी आला?

टेम्पो विजापूरच्या वाटेवर होता. फोन लावला.
पुढं रांगली, म्हटलं. वरचा दात आलाय, म्हटलं.
आणि चिमटी जमली.
तिकडून घरघर, हॉर्न, "कोण चिमटा काढला?"
चिमटा नाही ओ, चिमटी!
"हॅलो? हॅलो?"
मी हसत सुटले, ठमी रडत होती अजून.

थुंकीनं भिजलेला बेदाणा दाराबाहेर फेकला.
कोंबडी आली, मान तिरकी करून बघितला,
चोचीत टिपला आणि गेली.
ठमी रडायची थांबली.
उंबऱ्याला धरून बघत राहिली कोंबडीकडं,
आणि मोकळ्या हाताची दोन बोटं
मिटत होती, उघडत होती,
मिटत होती.