मुकुटाची बटणं

कामठीच्या छावणीत शिकायला आलेला
लेफ्टनंट मुलेंगा
ऐन मे महिन्यात सदरच्या आमच्या दुकानात.
त्याच्या देशाला तेव्हा सातवा महिना.

कोटावर आठ पितळी बटणं, राणीच्या मुकुटाची.
"काढा," म्हणाला.
नवी अजून ओतायचीच होती तिकडे.

डोमाजी खोडे, म्हणजे माझे बाबा,
दातानं दोरा तोडत म्हणाले,
"मंग तवरिक काय लावू, साहेब?"

बर्डीवरून आणली साधी काळी,
शर्टाची.

आरशात बघून त्यानं सॅल्यूटला हात उचलला
तो कपाळाशी जरा घुटमळला,
मग गेला पुरता.

जुनी आठ त्यानं नेली नाहीत.
आम्हा पोरांत भाव ठरला:
एका मुकुटाला दोन चिंचोके.
पावसाळ्यापर्यंत
एकच.