हात आखडता

स्पिअरवूडला आमच्या परसात माती नाहीच.
राखाडी वाळू आहे, तीही हट्टी.
पाइपानं पाणी सोडावं तर थेंबांच्या गोळ्या होऊन घरंगळतात,
बोट खुपसून बघावं तर खाली कोरडं ठाक.
पालथा घडा म्हणतात तो हाच,
थेट समुद्रापर्यंत पसरलेला.

बाबांनी त्यावर चाळीस वर्षं फ्लॉवर काढला.
दाल्मेशियाच्या बेटावरून आलेला माणूस,
एकच क्रियापद घेऊन आला होता: घालणं.
कोंबडीखत घाल, हाडांचा चुरा घाल,
पाणी घाल, शिव्या घाल.
वाळू सगळं गिळायची
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड उघडून पडलेली.

ते गेले, जमीन विकली, उरला मागचा तुकडा.
तिथं आईनं कांगारूचा पंजा लावायचं काढलं.
इथलंच रानफूल.
रेल्वेच्या कुंपणाला कुणी न विचारता येतं,
देठ लाल मखमली, बोटं हिरवी, नखं फाकलेली.
पहिली सहा रोपं तिनं बाबांच्या रीतीनं जगवली,
म्हणजे घालवली.
पानं टोकाकडून काळी पडत गेली, शाईत बुडवल्यासारखी.

नर्सरीतली ग्लेनिस म्हणाली,
"उपाशी नाही मेली, नेडा. तू जेवू घालून मारलीस.
आता बी पेर, आणि धुरी दे.
वरचं रान जळून गेलं
अशी खात्री पटल्याशिवाय ते डोळा उघडत नाही."

एप्रिलच्या एका संध्याकाळी
बाबांच्या द्राक्षवेलीची वाळकी काटकं
पत्र्याच्या डब्यात पेटली.
ट्रेवर जुनी चादर, चादरीखाली धूर,
कडेला आई, खोकत, कुणाशीच न बोलता.
शेजाऱ्यानं कुंपणावरून दोनदा विचारलं, सगळं ठीक ना?

सात उगवली. एक गोगलगायीनं नेलं.

मग जानेवारी. एक्केचाळीस अंश.
पायरीवर आई, हातात पाइप,
दुसरा हात नळावर.
रोपं मरगळलेली, वाळूला अनवाणी पाय लागेना.
तिनं नळ सोडला नाही.
इतका वेळ उभी राहिली
की मला वाटलं, विसरली काय करायला आली ते.
तीनला डॉक्टर आला
(इथं समुद्रावरच्या वाऱ्याला डॉक्टर म्हणतात)
तेव्हा पाइप गुंडाळून ती आत गेली.

पुढच्या सप्टेंबरात फुटली.
एक करडा पक्षी देठावर उलटा लोंबकळला,
कपाळाला पिवळी पूड लावून घेतली
आणि तसाच, न पुसता, दुसऱ्याच्या दारी गेला.

बहर सरला तसं बाबांच्या कोबीच्या सुरीनं
तिनं सगळं बुडाशी कापलं.
"संपलं?" मी विचारलं.
"खाली आहे," म्हणाली. "त्याचं तो बघेल."

मग हात धुऊन आत आली
आणि मी नको नको म्हणत असताना
माझ्या ताटात पुन्हा वाढलं,
आणि पुन्हा.