नाव घे, मग आत

स्पोकॅनच्या विमानतळावर पहाटे चार वाजता
माझ्या स्टुलासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला.
हातात तिकीट. बुटांच्या नाड्या
आधीच सोडलेल्या, देवळात शिरायच्या बेतात असावा तशा.

मी म्हटलं, ओळखपत्र.
तो म्हणाला, झडती घ्या. पिशवी उपसा, खिसे उलटे करा,
बुटाचा तळसुद्धा ठोकून बघा.
नाव कशाला?
नियम आहे.
दाखवा.

एवढंच. आवाज चढवला नाही.
मागे रांग चुळबुळली, कुणाचं तरी मूल रडायला लागलं,
आणि मी बसल्या जागी सव्वीस वर्षं मागे
वाईला, उंबऱ्याशी पोचले.
दोन नणंदा चौकटीला हात लावून उभ्या,
पायाशी भरलेलं माप:
"नाव घे, नाहीतर आत नाही."
पाठ केलेलं यमक मी ऐन वेळी विसरले.
पण तो नियम निदान सगळ्या आळीला ठाऊक होता.
त्याच रात्री ताटातल्या तांदळात
अंगठीने माझं दुसरं नाव लिहिलं गेलं.
सकाळी त्या तांदळाचा भात झाला.

वर्षभराने कोर्टात पेनॉयर वकीलबाईंनी मला विचारलं,
तुम्ही तो नियम वाचलाय?
नाही.
पाहिलाय?
नाही.
मग आहे हे कशावरून?
प्रशिक्षणात सांगितलं.
कुणी?
ज्यांना सांगितलं गेलं होतं, त्यांनी.
टंकलेखकाची बोटं जराशी अडखळली.

सरकारी वकिलाने एक तपकिरी पाकीट पुढे केलं.
न्यायाधीशांनी ते आतल्या खोलीत एकट्याने वाचलं
आणि चष्मा पुसत बाहेर आले.
टेबलावर म्हाताऱ्याची राज्यघटना होती,
खिशात मावेल एवढी, कोपरे मऊ पडलेली.
तिलाही आत बोलावलं नव्हतं.

निकाल असा: प्रवासाचा हक्क शाबूत आहे,
विमानाचाच असा नाही. बस आहे, रेल्वे आहे.
शिवाय त्याला परत फिरता येत होतं,
म्हणजे सक्ती झाली नाही.
म्हणजे दार उघडंच होतं,
फक्त नणंदा उभ्या होत्या.

एल्डन ट्वेट. चाळीस वर्षं पूल तपासायचा,
दोराला लोंबकळून एकेक रिव्हेट हातोडीने वाजवायचा.
"जो खिळा दाखवत नाहीत त्याच्यावर वजन टाकू नये,"
तो म्हणाला. नोंदीतून ते वगळलं.
त्या पहाटे मायनॉटला त्याची बहीण आजारी होती.
तो बसने गेला. पोचला तेव्हा ती होती की नव्हती
कुणी विचारलं नाही,
मुद्द्याला धरून नव्हतं.

नंतर लिफ्टपाशी आम्ही दोघंच.
माझ्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला मी:
फोटो, तांदळातलं नाव, त्याचंही स्पेलिंग चुकलेलं.
न विचारता तो म्हणाला, मी एल्डन.
जसं काही फाइलच्या पानोपानी ते नव्हतंच.
माझ्या ओठांवर जुनं नाव आलं, भाताच्या आधीचं,
आईखेरीज कुणी घेत नाही ते.
तेवढ्यात लिफ्ट आली.
जिन्याने जातो, तो म्हणाला, पायऱ्या तरी दिसतात.
आणि मी, कुणासाठी कोण जाणे,
हात आडवा घालून दार धरून राहिले.
ते सारखं मिटायला बघत होतं.