रकाना सात

कन्ना चौकात माझं दुकान: दोन संगणक, एक प्रिंटर,
उत्पन्नाचे दाखले, पॅनकार्डावरची चुकलेली नावं.
मे महिना, दुपारचे दोन,
कुत्रंही सावली सोडत नाही अशा वेळी
लक्ष्मीराजम चिट्याल आले,
टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून,
ताप आलेलं पोर आणावं तसं.

उलगडलं तर सायकलचे स्पोक.
चाळीस स्पोक, पत्र्याची एक पट्टी,
आणि जुन्या लुनाच्या हॉर्नचा रिले.
"नव्या शोधाला शासन पैसा देतंय म्हणे,
पेपरात आलंय. भरा, मॅडम."

हे काय करतं?
"थांबवतं."
काय थांबवतं?
"माग. धागा तुटला की स्पोक पडतो,
पट्टीला टेकतो, मोटर बंद.
न्हाईतर हातभर कापड वाया गेल्यावर कळतं."
रेडिमेड मिळतं की बाजारात.
"मिळतं. लाखाच्या मागाला. माझा माग भंगारातला हाय.
हे अठराशेत बसतंय."

ओटीपी मुलाच्या फोनवर जाणार होता.
मुलगा भिवंडीत, पाळीवर,
मागांच्या धडधडीत त्याला रिंग ऐकू येईना.
तोवर स्क्रीनवर आलं: सत्र समाप्त.
चार वेळा समाप्त झालं.
पाचव्यांदा मी रकाना सातपर्यंत पोचले:
शोधाची गरज, पाचशे अक्षरांत.
ते बायकोचं काहीतरी सांगू लागले.
मी टाइप केलं: वस्त्रोद्योगातील उत्पादन-घट
रोखण्याच्या अनुषंगाने.
सरकारला असंच लागतं, म्हटलं. पन्नास रुपये घेतले.

मग होटगी रोडच्या फेऱ्या.
जोडपत्र तीन: सुट्या भागांची तीन कोटेशन.
जी वस्तू जगात फक्त त्यांच्या माळ्यावर आहे
तिचा भाव तीन दुकानांतून आणायचा.
साहेब म्हणाले, थांबवायचं यंत्र?
ते आमच्याकडे आधीपासून आहे.
लक्ष्मीराजम मला हे सांगताना हसले,
मग टॉवेलानं मान पुसत बराच वेळ बसून राहिले.

पावसाळा सरता सरता अर्ज परत आला.
रकाना सात: मजकूर सर्वसाधारण स्वरूपाचा. पुनश्च लिहावा.
सोबत उपकरणाचा फोटो, दोनशे केबीच्या आत.

या वेळी मी फक्त बोटं चालवली.

"राजव्वा पुढच्या खोलीत विड्या वळायची.
मागं चार माग. तेवढ्या आवाजात
तिला एक धागा तुटलेला कळायचा.
'पोगु तेगिंदि!' ओरडायची,
मांडीवरचं सूप न हलवता.
कसं कळतं विचारलं तर म्हणायची,
विडीत तंबाखू कमी पडला की बोटाला कळतं, तसं.
दोन वर्सं झाली, ओरडत न्हाई.
कान गेले. मागानंच गेले, डॉक्टर म्हणाला.
धागा तुटतोय, मी पळतोय,
ती मान खाली घालून विडी वळतीय.
म्हणून हे केलं."

पाचशेच्या आत बसलं.
'पोगु तेगिंदि'खाली संगणकानं लाल रेघ मारली,
दुरुस्त करू का विचारलं.
नको म्हटलं.

फोटोसाठी घरी गेले, अशोक चौकाच्या मागे.
मोबाईल धरला. त्यांनी कात्रीनं एक धागा तोडला.
स्पोक पडला, इतका हलका की दिसलाही नाही,
आणि चारातला एक माग गप्प झाला.
राहिलेले तिघं तसेच आदळत होते,
माझ्या कानाला तर काहीच फरक नाही.

दारातून राजव्वानं मान वर केली.
तळहात फरशीवर टेकलेला.
"तेगिंदा?"

फोटो हलला. कोपऱ्यात तिचा अर्धा चेहरा आलाय.
आकार कमी करताना कापता आला असता.
तसाच चढवला.
एकशे शहाण्णव केबी.