ओला बर्फ

बर्फ मी पाहिलेला नाही.
बर्फावर दोनशे बारा लेख लिहिलेत.

केरिचोत गारा पडतात. दुपारी तीनच्या सुमारास
पत्रे बडवत येतात, चहाच्या कोवळ्या पानांची चाळण करतात
आणि उधारी बुडवून पळणाऱ्या माणसासारख्या
मागे न बघता निघून जातात.
पण गारांबद्दल डुलुथला कुणी काही शोधत नाही.
डुलुथला शोधतात: दारासमोरचा बर्फ स्वस्तात कसा काढावा.
हे पाच शब्द पहिल्या परिच्छेदात एकदा,
उपशीर्षकात एकदा, मधे दोनदा, सहज आल्यासारखे,
आणि शेवटी निरोप घेताना.
मिठासारखे टाक, हॅल्व्हरसन म्हणायचा,
चव लागावी, खडा लागू नये.
तो एजन्सी चालवतो. त्याला मी पाहिलेलं नाही, त्यालाही.

आई किलोवर पानं खुडायची, मी शब्दांवर.
संध्याकाळी दोघी आपापलं वजन सांगायचो.
तिच्या काट्यावर मुकादम बोट ठेवायचा.
माझ्या काट्यावर कुणाचं बोट, ते कधी कळलं नाही.
रातोरात नियम बदलायचा
आणि पहिल्या पानावरचा लेख अकराव्यावर.
अकराव्या पानापर्यंत फक्त लिहिणारीची आई जाईल,
आणि माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही.

मग मळ्यात खुडणीची यंत्रं आली.
यंत्र कोवळं-जून बघत नाही गं, आई म्हणाली,
देठासकट ओरबाडतं.
मी मान हलवली, आणि एकशे नव्वदावा लेख पुरा केला:
फावडं कसं निवडावं.

या मार्चमध्ये हॅल्व्हरसनचा मेल आला.
लोक आता लेखापर्यंत येतच नाहीत, चेलांगात.
वरच्या चौकटीत आयतं उत्तर मिळतं, तिथूनच परततात.
आता अनुभवाचं लिहायचं. स्वतःच्या हातचं.
तू बर्फ काढतानाचं काहीतरी. आठशे शब्द.
फोटो असल्यास उत्तम.

मी अंगणात जाऊन आले. एक कोंबडी होती.

रात्री मीच विचारलं त्या चौकटीला,
डुलुथची होऊन, कंबर धरून:
ओला बर्फ किती जड असतो?
ठिपके नाचले थोडे. मग उत्तर.
ओला बर्फ फसवा असतो. पावसात भिजलेल्या
चहाच्या पोत्यासारखा जड लागतो.
कमरेने उचलू नका, गुडघ्यांनी उचला.

हे माझं.
लेख सत्तेचाळीस, तिसरा परिच्छेद.
मिनेसोटात कोण उचलतं चहाचं पोतं?
हॅल्व्हरसनने तेव्हाच लाल खूण केली होती, ही उपमा काढ.
मी विसरले, की मुद्दाम ठेवली,
आता सांगता येत नाही.
उत्तराखाली तीन दुवे होते. तिन्ही उघडून पाहिले.
मी कुठेच नव्हते.

आईला उठवलं. आमच्या भाषेत वाचून दाखवलं.
कमरेने नाही, गुडघ्यांनी.
ती डोळे चोळत म्हणाली, हे मी सांगितलेलं तुला.
मळ्याच्या फाटकाशी. तुझा दात पडला होता त्या दिवशी.
दात मला आठवला. मग पोतंही.

म्हणजे आत्ता डुलुथला कुणी म्हातारा
पहाटेच्या अंधारात, कानटोपी ओढून,
माझ्या आईचं ऐकून गुडघे वाकवत असेल.

तिला हे सांगितलं तर हसली नाही.
त्याचे किती देतात, एवढंच विचारलं,
आणि कूस बदलून झोपली.

हॅल्व्हरसनला लिहिलं:
अनुभव आहे. माझा नाही, आईचा आहे.
ती उठली की शब्दाचा भाव विचारून कळवते.