पोटफोड्या ष

मे महिना, महालातली ही खोली, आणि कूलर बंद.
ओल नको म्हणून.
बुरशी आधीच बसलीय चकत्यांवर,
शिळ्या भातावर धरते तशी, पांढुरकी.
दुसरीकडे लोक फ्लॉपी भट्टीत शेकतात म्हणे,
आठ-दहा तास, पन्नास अंशांवर.
नागपूरला काय, खिडकी लावली की झालं.

आठ इंच. जेवणाच्या ताटलीएवढी एकेक.
एकूण त्रेचाळीस, पाठराबे प्रेसच्या माळ्यावरून,
नातवानं भंगारवाल्याचा काटा थांबवून आणलेल्या.
साध्या फ्लॉपीला खुणेचं एकच भोक,
हिला बत्तीस, वर आणखी एक.
ज्या मशीननं ही भोकं मोजली
ते कंपनीसकट गेलं.
अक्षरजुळणीचं मशीन. त्याची भाषा त्यालाच ठाऊक.
म्हणून मी फाईल मागतच नाही,
चुंबकाची नुसती थरथर उतरवून घेतो,
न कळणाऱ्या बोलीतलं बोलणं
कोणी खोकल्यासकट टिपून घ्यावं तसं.

टक्. टक्. खर्रर्र.
एकतिसाव्या ट्रॅकवर अडतं.
स्पिरिटचा बोळा. पुन्हा.
घाम चकतीवर पडू नये म्हणून मान वाकडी.

उतरलं ते सगळं आकड्यांचं रान.
कुठला आकडा क, कुठला काना, कोण सांगणार?
हेडाऊबाईंना निरोप धाडला.
एक्क्याऐंशी ते चौऱ्याण्णव त्याच बसत त्या मशीनवर.
गोळीबार चौकातून ई-रिक्षानं आल्या,
उंबऱ्यातूनच म्हणाल्या,
"काहून बंद केला जी कूलर? मराले झालं इथं."
मी विचारलं, भ कुठे होता?
"असं डोक्यानं नाही सांगता येत.
थांबा. बोटाले माहीत आहे."
टेबलावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले,
आणि रिकाम्या सनमायक्यावर वाजू लागलं
'आमचे येथे श्रीकृपेकरून'.
मी बोटांमागे धावत लिहीत गेलो.
उजवी करंगळी, वरची रांग: ष.
त्याला खेटून श.

मग निघत गेलं एकेक.
लग्नं, मुंजी, तेरव्या,
पतसंस्थेच्या वसुलीच्या नोटिसा,
एका सर्कशीचं हँडबिल, त्यात 'हत्ती' दोनदा.
"एवढी लग्नं लावली मी,
जेवले नाही एकाही पंगतीत."

सत्ताविसाव्या फ्लॉपीला बाई खुर्चीतून उठल्या.
"कोहाडांची पत्रिका. सत्त्याऐंशी.
पाचशे कार्डांवर मनीशा छापून आलं,
शेंडीचा श नाही का, तो.
अकरा दिवसांचा पगार कापला मालकानं.
मी पोटफोड्याच दाबला होता.
तवाही म्हटलं होतं."
पाठराबे मालक भिंतीवर होते, हारासकट.

नेमका तोच सेक्टर.
पाच वेळा वाचला.
तीनदा ष, दोनदा श.
दोघांच्या आकड्यांत फरक एका ठिपक्याचा,
लोखंडाची कणी इकडे डोकं करून निजली की तिकडे, एवढाच.
आणि शेवटची ताळ्याची बेरीज
पाचही वेळा चुकते.

मी तीनदा-दोनदा काही बोललो नाही.
"ष आहे," म्हटलं.
त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे,
पदरानं मान पुसली.
"आता तरी लावा कूलर."

लावला. पाच मिनिटं.
त्यांना रिक्षापर्यंत सोडून आलो आणि बंद केला.

हार्ड डिस्कवर पाचही वाचनं ठेवली आहेत,
एकाखाली एक, वेळ घालून.
शेऱ्यात लिहिलं: निश्चित नाही.
खरं तर आधी दुसरंच काही लिहिलं होतं,
ते खोडलं.
सोळा उरल्यात अजून.
अठ्ठाविसावीच्या पाकिटावर पेन्सिलीनं, बारीक:
जपून, कु. हे.